ब्रेकला पाजलेलं तेल

माझे कान मागांनी खाल्ले. ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी तीस वर्षं जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं सगळे ओरडतात तो माणूस. एका छपराखाली सगळे माग खडखडत असताना त्यातला कुठला कण्हतोय, हे मला दारातूनच कळतं. पण घरात कुकरची शिट्टी झाली तर कळत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘म्हंजे माझाच गेला की.’

त्यामुळे घरात ती माझ्याशी फारसं बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, ओरडून बोलायचा तिला कंटाळा येतो. ‘मीठ हवंय का’ हे चार घरांना ऐकू जाईल एवढ्या जोरात विचारण्यापेक्षा ती सरळ ताटात मीठ वाढते. मलाही तेच बरं वाटतं. दिवसभर खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर गप्पच बसतो.

आमचं बोलणं व्हायचं ते गाडीवर. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही वळसंगला जायचो, तिच्या आईकडे. माझं हेल्मेट अर्धं, कान उघडे. ती साडी सावरून एका बाजूला बसायची, तोंड अगदी माझ्या डाव्या कानापाशी. मग अर्धा-पाऊण तास आठवडाभराचं सगळं कानात ओतायची. कोणाची सून माहेरी गेली, पाणी किती दिवसांनी आलं, लेकाचा पुण्याहून फोन आला होता तेव्हा तो काय म्हणाला आणि काय म्हणायचं टाळलं. मी ‘हं’ म्हणत राहायचो. मला माझ्याच घरातल्या बातम्या कळायच्या त्या अक्कलकोट रस्त्यावर.

गाडी शंभर सीसीची, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली. म्हणजे तिलाही आता बावीस वर्षं होतील. टाकीचा मूळचा लाल रंग विटकरी झालाय. सीटवर मी चादरीचा तुकडा शिवून घेतलाय. विणताना नक्षी चुकलेली चादर होती, बाजारात चालली नसती, पण बसायला मऊ लागते. कारखान्यातली पोरं म्हणतात, जॉबर, आता तरी नवीन घ्या. मी त्यांना विचारतो, तुमच्या आज्जीला बदललं का? मग ती गप्प बसतात.

आणि एक गोष्ट होती, जी मी कोणाला सांगत नसे, पण मनातल्या मनात मिरवत असे. गाडीवर बसली की बायकोचा उजवा हात माझ्या खांद्यावर असायचा. नुसता ठेवलेला नाही, चांगला धरलेला. बावीस वर्षांत तो हात सुटला नाही. आमच्या बरोबरीच्या बायका मागच्या कडीला धरून परक्या माणसासारख्या बसलेल्या मी बघायचो आणि मला बरं वाटायचं. म्हणायचो, आपलं लग्न टिकून आहे बुवा.

यंदाच्या उन्हाळ्यात ती एकदा म्हणाली, ‘अवो, मागचं चाक लई किंचाळतंय. ब्रेक दाबला की लोकं वळून बघत्यात.’

‘कुठं? मला काही ऐकू येत नाही.’

‘तुमाला यायचं बी न्हाय.’

खरंच होतं. तो आवाज बारीक, म्हणजे माझ्या हद्दीबाहेरचा. पण आवाज म्हटला की जॉबरच्या हाताला खाज सुटते. तीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलोय: लोखंड ओरडलं की ते कोरडं पडलेलं असतं. कारखान्यातून तेलाची कुपी आणली, लांब चोचीची. संध्याकाळी गल्लीत गाडी काढली. मी गाडी ढकलायची आणि ब्रेक दाबायचा, बायकोनं शेजारून चालायचं आणि आवाज येतो का सांगायचं, असं ठरलं. माझे कान नाहीत तर तिचे वापरू.

मागच्या चाकाच्या ड्रमला बाहेरून एक दांडी असते. पायानं ब्रेक दाबला की ती फिरते आणि आत लायनर फाकून ड्रमला घासतात. त्या दांडीच्या सांध्यात मी दोन थेंब सोडले. ढकललं, दाबलं.

‘येतोय अजून,’ ती म्हणाली.

आणखी चार थेंब. ‘अजून येतोय.’

मी कुपीची चोच फटीत खुपसली आणि चांगली दाबली. ‘येतोय, पर कमी झालाय.’ मग मी हात राखला नाही. अर्धी कुपी रिकामी झाली तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, ‘गेला! एकदम गेला!’ मला इतका आनंद झाला की मी कुपी खिशात ठेवून गल्लीतल्या दोघातिघांकडे बघून मान हलवली. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनीही हलवली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. निघालो. मोठ्या रस्त्यावर मला फारसा ब्रेक लागत नाही, मी बेतानं चालवणारा माणूस. गावाकडे वळल्यावर एका ओढ्यावर छोटा पूल आहे, त्याच्या आधी उतार. ती कानात भावाच्या नव्या विहिरीचं सांगत होती आणि उताराच्या टोकाला मेंढरं रस्ता ओलांडत होती. शंभरेक असतील. मी पाय दाबला. पाय खाली गेला, गाडी मात्र जशी चालली होती तशीच चालत राहिली. आणखी दाबला. काही फरक नाही. पुढचा ब्रेक दाबायचा असतो हे मला त्या क्षणी आठवलंच नाही, कारण तो मी कधी वापरतच नव्हतो.

धनगर हातातली काठी उंचावून ओरडला. मेंढरं पांगली. मी गाडी रस्त्याखाली नांगरटीत घातली आणि ढेकळांनी ती थांबवली. माझ्या खांद्यावरचा हात आधीच सुटला होता. ती बांधावर बसली होती, कोपर खरचटलेलं, साडी मातीनं भरलेली. डब्यातली शेंगाचटणी काळ्या रानात सांडली होती. एका मेंढराला गाडीचा धक्का लागला होता, पण ते उठून चटणी हुंगायला लागलं.

धनगर जवळ आला. मला वाटलं आता शिव्या खायच्या. तो बायकोकडे बघून म्हणाला, ‘ताई, लागलं न्हाय न्हवं?’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘दिसत न्हाय व्हय रं तुला? ब्रेक हाय का न्हाय गाडीला?’

इथं मी चूक केली. तेल घालणं ही चूकच होती, पण ती अडाणीपणाची. ही दुसरी चूक त्याहून वाईट. धनगरासमोर, बायकोसमोर, त्या मेंढरांसमोर माझी जॉबरकी जाऊ नये म्हणून मी म्हणालो, ‘ब्रेक आहे हो. मागं वजन असलं की उताराला गाडी अशी सरकते.’

 बायकोनं पदर झटकला, रिकामा डबा उचलला, चालत फाट्यावर गेली आणि माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये बसली. गाडी ढकलत मी मागोमाग गेलो, तर चढताना एवढंच म्हणाली, ‘आता मी ह्या गाडीवर बसनार न्हाय.’ मी पहिल्या गिअरमध्ये, पाय घासत घासत घरी आलो.

त्यानंतरच्या तीन सुट्ट्या ती वडापनं गेली. सकाळी माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायची, डबा घ्यायची आणि जायची. राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी परत आली की सासूबाईंची तब्येत कशी आहे असं विचारलं तर ‘बरी हाय’ एवढंच. जे मला कानात अर्धा तास मिळायचं, ते दोन शब्दांवर आलं. तीन आठवडे मला जगातलं काही कळलं नाही. लेकानं नोकरी बदलल्याचं मला समोरच्या दुकानदाराकडून समजलं. त्या दिवशी मी कारखान्यात विनाकारण दोघांवर खेकसलो.

लायनर तेलानं भिजलेत हे तोपर्यंत मला कळून चुकलं होतं. चाचांच्या गॅरेजात जायला हवं होतं. चाचा आमच्या भागातले जुने मेकॅनिक, गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातची. पण चाक उघडलं की तेल दिसणार, आणि तेल दिसलं की चाचा हसणार. मी कारखान्यात तेलाच्या एका डागावरून लोकांना फैलावर घेणारा माणूस. टॉवेलवर तेलाचा थेंब पडला तर तो अख्खा नग बाद होतो, म्हणून ‘तेल कुठं घालायचं हे ज्याला कळत नाही त्यानं कुपीला हात लावू नये’ हे माझं ठरलेलं भाषण. ते भाषण मला ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी स्वतःच चाक उघडलं. लायनर पुसले, पॉलिश पेपरनं घासले, गच्चीवर उन्हात पापडांसारखे वाळत घातले.  परत बसवले. गल्लीच्या टोकापर्यंत ब्रेक बरा लागला. वळून परत येईपर्यंत लायनर तापले, आतलं तेल पुन्हा पाझरलं आणि मी शेजाऱ्यांच्या तुळशीच्या कुंडीपाशी कसाबसा थांबलो. तेव्हा गेलो चाचांकडे. जाताना फाटक्या टॉवेलच्या चिंध्यांचं गाठोडं नेलं. त्यांना हात पुसायला आमच्या चिंध्या आवडतात. थोडी लाच म्हणा.

चाचांनी चाक खोललं. लायनर बोटांत धरून नाकापाशी नेला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘क्या जॉबरसाब, लायनर कू तेल पिलाए क्या?’

मी म्हणालो, ‘आवाज येत होता.’

‘तुम्हारे लूम कू ब्रेक नै रहता क्या?’

मी खालीच बसलो. असतो ना! मागालाही ब्रेक असतो. त्याला चामड्याचा पट्टा असतो, त्याला तेलाचा हात लागला तर मी पोरांना दिवसभर बोलतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते ज्ञान कारखान्याच्या दारातच चपलांसारखं काढून ठेवून मी घरी येत होतो. चाचा हसले, पण मी घाबरलो होतो तसे नाही. त्यांनी चहा सांगितला.

मी विचारलं, डिस्क ब्रेक बसवून घेऊ का? समोरच्या नव्या दुकानात मिळतो म्हणतात. चाचा म्हणाले, ‘पैले जो है उसकू संभालो.’ मग त्यांनी कामाला हात घातला. भिजलेले लायनर सरळ कचऱ्यात टाकले. ड्रम पेट्रोलनं धुतला, आतून पॉलिश पेपर फिरवला, आमच्या चिंधीनं कोरडा केला. ज्या दांडीत मी अर्धी कुपी ओतली होती, ती काढून पुसली आणि तिला काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. ती काडी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली, म्हणजे मला माप कळावं. मग पुढच्या चाकाकडे वळले. त्याची केबल आतून गंजून अडकलेली. पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो, असं मी बावीस वर्षं मानत आलो होतो. चाचांनी तिथं नवी केबल, दोन्ही चाकांना नवे लायनर घातले आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हळू दाबत न्यायचे हे माझा हात धरून शिकवलं.

झालं, आता निघावं म्हणून मी गाडीकडे गेलो. चाचांनी किल्ली दिलीच नाही. स्वतः पुढं बसले. ‘चलो, पिच्छे बैठो.’

‘मी कशाला?’

‘ब्रेक चलानेवाले कू समझता नै. पिच्छेवाले कू समझता.’ ब्रेकचं काम केलं की मालकाला मागं बसवून एक चक्कर मारायची, ही त्यांची रीत. माझी पाळी कधी आली नव्हती, कारण मी त्यांना गाडी देऊन कामावर जायचो आणि संध्याकाळी न्यायचो.

मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदा बसलो. चाचांचं वय सत्तरीच्या पुढचं, पण गाडी चालवतात पोरासारखी. मला समोरचं काही दिसेना. दिसत होती ती त्यांची पांढरी टोपी आणि मान. रस्त्यावर काय येतंय, आता वळणार की थांबणार, काही कळायला मार्ग नाही. हातात हँडल नाही, पायाखाली ब्रेक नाही. एका रिक्षामागे ते वेगानं गेले आणि माझा उजवा पाय आपोआप फुटरेस्टवर दाबला गेला, जणू तिथंच ब्रेक आहे. मग चाचांनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी थांबली.

‘घबराए क्या?’ त्यांनी मागं न बघता विचारलं.

‘नाही हो.’

‘तो कंधा छोडो.’

मी बघितलं. माझा उजवा हात त्यांच्या खांद्यावर होता. नुसता ठेवलेला नाही, चांगला धरलेला. पकड मला ओळखीची होती. बावीस वर्षं ती माझ्या खांद्याला माहीत होती.

मी हात काढला. चाचा परत फिरले. मला फार वाईट वाटलं. ज्याला मी प्रेम समजून मनात मिरवत होतो, ती भीती होती. बिचारी दर सुट्टीला जीव मुठीत धरून बसत होती. पुढचा ब्रेक मी कधी दाबला नाही, मागचा कधी नीट ठेवला नाही, आणि ती एका हातानं डबा आणि एका हातानं मला धरून, भीती दिसू नये म्हणून कदाचित, इतकं बोलत होती.

घरी आलो. ती मेथी निवडत बसली होती. तिचं ऐकू यावं म्हणून मी अगदी जवळ जमिनीवर बसलो आणि म्हणालो, ‘ब्रेकमध्ये तेल मीच घातलं होतं.’ मला माझाही आवाज नीट ऐकू येत नसल्यानं मी जरा मोठ्यानंच बोलतो. खिडकी उघडी होती, समोरच्या घरातल्या काकूंनी भाजी निवडणं थांबवलं.

‘कसलं तेल?’ बायको म्हणाली.

‘त्या दिवशी गल्लीत घातलं ते. ब्रेकमध्ये तेल गेलं की ब्रेक लागत नाही. म्हणून गाडी थांबली नाही. दुसरं काही कारण नव्हतं.’

ती मेथीची काडी हातात धरून थांबली. ‘म्हंजे “अजून येतोय, अजून येतोय” असं मी सांगत व्हते, आनि तुमी वतत व्हता?’

‘व्हय,’ मी म्हणालो. तिच्याशी खरं बोलायचं झालं की माझ्याही तोंडात गावाकडचं येतं.

तिला हसू फुटलं. इतकं की मेथीचं सूप मांडीवरून घसरलं. ‘आनि म्यां टाळी वाजवली की वो!’ समोरच्या काकूही हसायला लागल्या. का ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. मीही हसलो. आणि मग ती एकदम थांबली, खाली बघून पानं गोळा करायला लागली.

‘तुमी तितं म्हनला व्हता, मागं वजन असलं की गाडी सरकती.’

‘म्हणालो होतो.’

‘मला वाटलं, माझं वजन वाढलंय. म्हनून थांबली न्हाय. त्या धनगराम्होरं बोलला तुमी. म्हनून म्यां म्हनलं, नको बाई, आपन आपलं वडापनं जावं.’

तीन आठवडे मला वाटत होतं, ती ब्रेकला भ्याली आहे. ती ब्रेकला भ्याली नव्हतीच. माझ्या एका वाक्यानं तिला गाडीवरून उतरवलं होतं आणि ते वाक्य मी केवळ माझी अब्रू वाचवायला फेकलं होतं.  मी म्हणालो, ‘चुकलो. तुझं वजन काही नाही. माझंच डोकं जड झालं होतं.’  तिनं मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली. मी निवडायला लागलो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गाडी पुसत होतो. ती डबा घेऊन बाहेर आली. वडापकडे गेली नाही. चपलेच्या टाचेनं गल्लीच्या मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाली, ‘हितं थांबवून दावा आदी.’ मी गल्लीच्या टोकावरून आलो, दोन्ही ब्रेक दाबले आणि रेघेच्या वीतभर अलीकडे थांबलो. ‘पुन्यांदा.’ पुन्हा थांबलो. तिनं वाकून चाकाकडे कान नेला. ‘आवाज बी न्हाय,’ ती म्हणाली आणि बसली.

अक्कलकोट रस्त्याला लागलो आणि माझ्या ध्यानात आलं की खांदा मोकळा आहे. आरशात बघितलं. तिनं दोन्ही हातांनी मांडीवरचा डबा धरला होता आणि निवांत बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. गतिरोधक आला, मी ब्रेक दाबले, गाडी लोण्यासारखी मंद झाली. हात आला नाही. पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला, तेव्हाही नाही. चाचांनी काम फारच चोख केलं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच आला. मग मी स्वतःला समजावलं, ती घाबरत नाही, हेच तर हवं होतं. बोलणंही सुरू झालं होतं. तीन आठवड्यांचं तुंबलेलं सगळं ती कानात ओतत होती. विहिरीला पाणी लागलं होतं. लेकाची नवी कंपनी घरापासून लांब होती. मी ‘हं’ म्हणत होतो आणि सुखात होतो.

मेंढरांच्या उतारावर मी वेग कमी केला. त्या दिवशी तिथं कोणीच नव्हतं. ओढ्यावरचा पूल ओलांडला. पुढं वळसंगपर्यंत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळी रानं, समोर माणूस नाही की जनावर नाही. माझा पाय ब्रेकवर नव्हता, हातही नव्हता. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

मी दचकलो. ‘काय झालं?’

‘काय न्हाय,’ ती कानाशी म्हणाली. ‘असंच.’